दिवटे

जुन्या बाजारात, एका रविवारी, घासाघीस करून
बाबांनी साठ रुपयांना घेतलेली पिवळी कॅसेट.
वर छापलेलं : ९९९९ गेम.
मोजले तर सातच निघाले,
बाकी तेच, रंग बदललेले.

त्यातला पाचवा आमचा.
हातात कंदील धरलेला एक ठेंगू माणूस
अंधाऱ्या जिन्यांवरून चढत राहायचा.
नाव जपानीत, आम्हाला ते चित्रासारखं दिसायचं.
खालच्या मजल्यावरचे दिवटेकाका वीज मंडळात होते.
लाइट गेली की बॅटरी घेऊन तेच वर यायचे,
कुणाचं कोण अडकलंय का बघायला.
म्हणून सुहृदने नाव ठेवलं : दिवटे.

अकराव्या जिन्यावर एक दार होतं.
त्याला हात लावला की टीव्ही गोठायचा.
कॅसेट काढायची, फुंकायची, पुन्हा बसवायची.
ओठांना पत्र्याची चव यायची,
दार उघडायचं नाही.

मग दहावी, बारावी, हिंजवडी.

बावीस वर्षांनी मी ते दार उघडलं,
धायरीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये,
मुलगी झोपल्यावर, अकरा ते दोन, दीड वर्षं.
सुहृदने ठिपका ठिपका बसवून दिला.
दारामागे आम्ही पर्वतीच्या पायऱ्या ठेवल्या
आणि वरून दिसणारं सगळं पुणं, लाइट गेलेलं.
दिवटे उतरतो आणि
एकेक खिडकी उजळत जातो. बस्स. एवढंच.
फुकट ठेवला. खाली लिहिलं :
ज्यांचं आहे त्यांचंच आहे, आम्ही फक्त खेळलो.

नोटीस मंगळवारी आली. सहा पानं.
त्याचं खरं नाव मला तिथे कळलं.
तीनदा मोठ्याने वाचलं. जिभेवर बसेना.
चौथ्या पानावर एक ओळ होती :
आमच्या मूळ खेळात जिने अठरा आहेत.

अठरा.
म्हणजे दार उघडत होतं.
फक्त आमचंच उघडत नव्हतं,
कारण आमची कॅसेट चोरीची होती
आणि चोराला घाई होती.

शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या आतेभावाने विचारलं,
पैसे घेतलेस?
नाही.
मग केलंस कशाला?
पैसे घेतले असतेस तर निदान बाजू मांडता आली असती.
चहा आला. तो पुढे म्हणाला,
यात काळं-पांढरं काही नाही गं,
पण त्यांच्याकडे पानं सहा आहेत
आणि तुझ्याकडे फ्लॅटचे हप्ते सुरू होणारेत.

मी काढून टाकला.
पंधरा दिवसांनी सुहृदने दाखवलं :
कोणीतरी तोच नव्याण्णव रुपयांना विकतोय,
आमची नावं खोडून.
चोर, म्हणाले मी. चांगलं मोठ्याने.
मुलीने पोळीवरून मान वर केली.
मी पोळी उलटली, तोवर करपली होती.

मग आठवलं, एक माणूस राहिला.
त्याला तर आपण विचारलंच नव्हतं.

दिवटेकाका आता बिबवेवाडीत, लेकीकडे.
ऐकायला कमी येतं. चष्मा दोनदा पुसला.
लॅपटॉप मांडीवर घेऊन तिसऱ्या जिन्यावर मेले,
पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेले.
मग दार मीच उघडून दिलं.
खिडक्या लागत गेल्या, दत्तवाडी, जनता वसाहत,
ते एकही शब्द बोलले नाहीत.
मला वाटलं, रागावले. किंवा झोप लागली.

शेवटी म्हणाले,
बॅटरी मी डाव्या हातात धरायचो.
उजव्या हाताने कठडा.

घरी येऊन मी कंदील डाव्या हातात दिला.
चौसष्ट चित्रं, प्रत्येकात हात बदलायचा.
आता हे कुठे ठेवायचं नाही,
कुणाला पाठवायचं नाही.
उजवा हात मोकळा झाला
आणि लक्षात आलं,
जिन्याला आपण कठडाच काढलेला नाही.